कवठाची टिकाऊ चटणी: फळ निवडण्यापासून बरणी बंद करण्यापर्यंत

कढईत झकास दिसणारी कवठाची चटणी दुसऱ्या दिवशी बरणीतून निघतच नाही, चमचा वाकतो. नाहीतर पंधरा दिवसांत झाकण फुगतं आणि उघडताना फुस्स आवाज येतो. तिसरी तक्रार चवीची: पहिला घास छान, मागून कडवट, आणि दाताखाली कचकच. माझ्याकडे या तिन्ही गोष्टी झाल्या आहेत, शेजारपाजारी अजून होतात. दोष बहुतेक वेळा कृतीत नसतो, क्रमात असतो. कोणती गोष्ट कशाच्या आधी, एवढंच चुकतं.

खाली दिलेली चटणी शिजवलेली आहे, ठेवणीतली. महाशिवरात्रीला वाटीभर करून संध्याकाळपर्यंत संपवायची असेल तर एवढा खटाटोप नको. ती कच्ची चटणी शेवटी चार ओळींत सांगते.

काय लागेल

मध्यम आकाराची पाच-सहा कवठं घ्या. चार पुरतात, पण एखादं आतून खराब निघतंच. त्यातून बियांसकट साधारण ५०० ग्रॅम गर मिळायला हवा. बाकीचं सगळं प्रमाण या गरावर आहे, कवठांच्या संख्येवर नाही. त्यामुळे घरात वजनकाटा नसेल तर वाण्याकडून गूळ आणतानाच अर्धा किलो मोजून आणा आणि गर त्याच्याशी ताडून बघा.

५०० ग्रॅम गराला ५०० ग्रॅम गूळ, दोन चमचे मीठ, तीन चमचे लाल तिखट (ब्याडगी असेल तर रंग चांगला येतो), दीड चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा मिरपूड. चमचा म्हणजे चहाचा, सपाट. हिंग आवडत असेल तर चिमूटभर, पण उपवासाला खायची असेल तर हिंग वगळा.

लसूण नको. शेंगदाण्याचा कूटही नको. सोलापुरात हे सांगणं म्हणजे धाडसच, आपण कूट कशात घालत नाही! पण कूट घातलेली चटणी महिनाभरात खवट होते. हवाच असेल तर वाढताना वाटीत घाला.

भांडी: जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, लांब दांड्याचा लाकडी किंवा स्टीलचा चमचा, पुरणाची चपटी चाळण, काचेच्या दोनशे मिलीच्या चार बाटल्या. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, लोखंडी कढईही नको. कवठ चांगलंच आंबट असतं, ते धातूला खातं. चटणी काळी पडते आणि तिला धातूची चव लागते.

टप्पा १: कवठ निवडणं

सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास कवठं दिसू लागतात आणि महाशिवरात्रीला ढीग लागतात. नेमक्या त्या दिवशी घेऊ नका. मागणी असते म्हणून कच्चंही खपतं. चार दिवस आधी किंवा आठवडाभर नंतर घ्या, फळही बरं मिळतं आणि निवडायला सवडही.

लक्ष्मी मंडईत एक गंमत कानावर येते. तेलुगू बोलणाऱ्या बायका कवठाला ‘वेलग पंडु’ म्हणतात, कानडी बोलणाऱ्या ‘बेलद हण्णु’. हे दुसरं नाव ऐकून माझ्या जाऊबाई एकदा चक्क बेलफळं घेऊन आल्या. बेलफळाचं कवच गुळगुळीत आणि हिरवट-पिवळं, आत केशरी गोडसर गर. कवठाचं कवच पांढुरकं, खरबरीत, वरून पावडर लागल्यासारखं, आणि आत तपकिरी आंबट गर. बेलफळाला या कृतीत पुरेसा आंबटपणा नाही, त्यामुळे ते ‘चालून जाईल’ असं समजू नका.

पिकलेलं कसं ओळखायचं? एका विक्रेत्या मावशींनी मला शिकवलं ते असं. कवठ फरशीपासून वीतभर, दीड वीत वर धरायचं आणि सोडायचं. कच्चं कवठ चेंडूसारखं थोडं उसळतं. तयार झालेलं ‘थप्’ करून जागीच बसतं. मी बिचकत होते तर म्हणाल्या, “टाकून बघा की ओ ताई, फुटलं तर माझं.” नाही फुटलं. एवढ्या उंचीवरून फुटत नाही.

त्यानंतर देठाजवळ वास घ्या. पिकलेल्या कवठाचा वास दोन हातांवरून येतो, गोड-आंबट आणि जरासा उग्र. वासच नसेल तर ते घरी ठेवावं लागणार. दारूसारखा वास येत असेल तर परत ठेवा.

सावध: बारीकशी चीर किंवा टाचणीएवढं भोक असलेलं फळ स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. त्यातून किडा किंवा बुरशी आत गेलेली असते, आणि तपकिरी गरात ती पटकन दिसत नाही.

टप्पा २: पिकवणं

उसळणारी कवठं टाकून द्यायची गरज नाही. गच्चीत उन्हात ठेवा, रात्री घरात घ्या. आठवडा ते दोन आठवडे लागतात. तांदळाच्या डब्यात घालूनही पिकतात, पण मग रोज डबा उघडून बघावं लागतं आणि आपण विसरतो. रोज एकदा वास घ्या, वास भरला की दोन दिवसांत वापरून टाका.

अर्धवट पिकलेलं कवठ गूळ वाढवून खपवण्याचा मोह होतो. तुरटपणा गुळाने जात नाही. गोड आणि तुरट अशी विचित्र चव होते, एवढंच.

टप्पा ३: बाटल्या आधी, कवठ नंतर

इथे बहुतेक जण उलटं करतात. चटणी गॅसवर रटरटते आणि मग बाटल्यांची शोधाशोध सुरू होते. मग घाईत धुतलेली, ओली बाटली.

पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं घाला, बाटल्या आडव्या ठेवा, बुडेल एवढं गार पाणी ओता आणि उकळी आल्यावर १० मिनिटं उकळा. झाकणं शेवटची दोन-तीन मिनिटं टाका. चिमट्याने काढून इस्त्री केलेल्या सुती कापडावर पालथ्या घाला, पाणी निथळलं की सरळ करून कोरड्या होऊ द्या. पुसू नका. पुसायचं फडकं हे आपल्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात अस्वच्छ कापड असतं.

पाण्याबद्दल एक. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, पिंपात साठवलेलं पाणी कधी चार दिवसांचं असतं. कवठं धुवायला ते चालेल. गरात आणि गुळात घालायचं पाणी मात्र उकळूनच घ्या. पहिल्या वर्षी माझी बरणी फसफसली, तेव्हा मी गर सैल करायला पिंपातून भांडंभर पाणी तसंच घेतलं होतं आणि भरताना चमचाही ओला होता. दोन्हीपैकी कशाने झालं कोण जाणे. तेव्हापासून दोन्ही बंद.

टप्पा ४: फोडणं आणि गर काढणं

कवठं धुऊन, घासून, पूर्ण कोरडी करा. एक कवठ जाड फडक्यात गुंडाळून पाट्यावर किंवा उंबऱ्यावर धरा आणि वरवंट्याने मधोमध, कमरेवर, फिरवत फिरवत चार-पाच ठोके द्या. डोक्यावर एकच जोरात घाव घातला तर कवचाचा चुरा होतो आणि तुकडे गरात घुसतात. फिरवून ठोकलं की दोन वाट्या अलगद सुटतात.

प्रत्येक कवठाचा गर आधी वेगळ्या वाटीत काढा. रंग बघा, वास घ्या, मगच मोठ्या भांड्यात टाका. चांगला गर चॉकलेटी-तपकिरी, चिकट, शिरांनी भरलेला. फिकट आणि घट्ट असेल तर कच्चा. पांढरी लव, काळा कोरडा भाग किंवा दारूचा वास दिसला तर ते अख्खं कवठ बाद. एका खराब कवठाने सगळा घाणा नासतो, म्हणून ही वाटी.

तपासा: गर बोटांनी चाचपून कवचाचे कण काढा. कवच लाकडासारखं असतं, शिजून मऊ होत नाही. कुणाचा दात जाईल.

टप्पा ५: बिया वेगळ्या करणं

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुकवली जाते. गर मिक्सरमध्ये घातला, फिरवला, झालं. पण मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात, आणि कचकच व मागून येणारा कडवटपणा दोन्ही तिथूनच येतात. एकदा भरडलं की गाळूनही ती चव निघत नाही.

५०० ग्रॅम गरात हाताला सोसवेल इतकं गरम, उकळून घेतलेलं २०० मिली पाणी घाला. १५ मिनिटं झाकून ठेवा. मग हाताने कुस्करा, चिंचेचा कोळ काढतो तसं. बिया शिरांपासून सुटायला लागल्या की चाळणीवर थोडा थोडा घेऊन तळहाताने गोलाकार घासा. पुरणयंत्र वापरू नका, त्याचं पातं बिया रगडतं.

चाळणीवर उरलेला चोथा लगेच टाकू नका, त्याला बराच गर चिकटलेला असतो. आणखी पाव वाटी गरम पाणी टाकून एकदा घासून घ्या. यापेक्षा जास्त पाणी नको. घातलेलं प्रत्येक भांडं नंतर गॅसवर आटवावं लागतं आणि तेवढा वास उडतो.

आता कोळाचं वजन करा. ५५० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. फारच कमी भरलं, म्हणजे ४५० वगैरे, तर गूळही त्याच हिशेबाने थोडा कमी करा.

आणि चाखा. तोंड आंबायलाच हवं. झाडावर फार पिकलेली कवठं कधी गोडसर निघतात, तेव्हा दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला. हे फक्त चवीसाठी नाही. ठेवणीच्या पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तर बंद बाटलीत विष तयार करणारे बोटुलिझमचे जंतू त्यात वाढत नाहीत. चांगलं कवठ त्याच्या बरंच खाली असतं, गोडसर कवठाचा भरवसा नसतो.

टप्पा ६: गुळाचा पाक

गूळ आधी चाखा. काही गूळ खारट असतो, जमिनीचा खारेपणा उसात उतरतो. तसा असेल तर मीठ अर्ध्यावर आणा. पाझरलेला, ओला गूळ घेऊ नका.

गूळ चिरून १०० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा, उकळू देऊ नका. विरघळला की गाळा. गुळात रेती, उसाचं चिपाड, कधी सुतळीचा धागा असतो. गाळून झाल्यावर पातेलं धुऊन पुसून घ्या आणि रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. मग पाक त्यात ओतून पुन्हा गॅसवर ठेवा आणि पाच मिनिटं उकळा. तार वगैरे बघायची नाही.

गूळ थेट कोळात टाकून एकत्र शिजवला तर? गाळता येत नाही, हा एक तोटा. दुसरा म्हणजे दाट कोळात गुळाचे खडे तळाशी बसतात आणि लागतात. लागलेल्या गुळाचा करपट वास सगळ्या चटणीला येतो.

टप्पा ७: शिजवणं

उकळत्या पाकात कोळ, मीठ, तिखट, सुंठ आणि मिरपूड घाला. आच मध्यम. पहिली उकळी येईपर्यंत अधूनमधून ढवळा, नंतर सतत, तळापासून. पाच-सात मिनिटांत मिश्रण दाटायला लागतं आणि मग ते उडतं. ‘पच्’ करून एक बुडबुडा फुटतो आणि मनगटावर डाग पडतो. लांब चमचा याचसाठी. मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका. आच कमी करा आणि वर जाळी धरा.

साधारण २० ते २५ मिनिटं लागतात, पण घड्याळावर जाऊ नका. आणि डोळ्यांवर तर अजिबात जाऊ नका. कवठात पेक्टिन (फळातला दाटपणा आणणारा पदार्थ) भरपूर असतं, त्याच्यामुळेच कवठाची जेलीही होते. पेक्टिन घट्ट होतं ते गार होताना. म्हणजे कढईत जी चटणी बरोबर दाट दिसते ती बाटलीत दगड होणार. कढईत अजून पातळच आहे असं वाटत असतानाच उतरवावी लागते, आणि तिथेच हात कचरतो.

त्यासाठी दोन चाचण्या.

एक: स्टीलची छोटी ताटली फ्रीजरमध्ये ठेवलेली असू द्या. तिच्यावर अर्धा चमचा चटणी टाका, एक मिनिट थांबा, बोटाने मधून रेघ ओढा. रेघ तशीच राहिली आणि कडेला पाणी सुटलं नाही तर झाली. रेघ हळूहळू भरून आली तर आणखी तीन मिनिटं. चाचणी करताना पातेलं गॅसवरून खाली घ्या. नाहीतर तुम्ही रेघ बघत बसाल आणि चटणी पुढे निघून जाईल.

दोन: पातेल्यासकट वजन करा, पातेल्याचं वजा करा. वरच्या प्रमाणात आपण साधारण ११८० ग्रॅमने सुरुवात केली, ते ९०० ग्रॅमच्या जवळ आलं पाहिजे. हजाराच्या वर असेल तर पाणी जास्त आहे, टिकणार नाही. ८५० च्या खाली गेलं तर घट्ट होणार. मला ही चाचणी जास्त पटते, कारण तिथे अंदाजाला जागा नाही.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असताना जिऱ्याची पूड घाला. आधी घातली तर वास उडतो. पण गॅस बंद केल्यावर, गार चटणीत वरून भुरभुरणं ही मोठी चूक. मसाल्याच्या पुडीत बुरशीचे बीजाणू असू शकतात, त्यांना उकळीचा चटका बसायलाच हवा. ‘चव बघून थोडं तिखट वाढवलं’ असं बाटली भरताना कुणी करत असेल तर हात धरा.

टप्पा ८: भरणं

चटणी कढत असतानाच भरायची. बाटल्या गार पडल्या असतील तर काच तडकेल, म्हणून त्या पाच मिनिटं उन्हात किंवा गॅसजवळ कोमट करून घ्या आणि थेट ओट्याच्या ग्रॅनाइटवर न ठेवता लाकडी पोळपाटावर किंवा घडी घातलेल्या कापडावर ठेवा. वर अर्धा इंच जागा सोडा. कोरड्या सुरीने एकदा आत फिरवून हवेचे बुडबुडे काढा. तोंडाला लागलेली चटणी उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने पुसा आणि झाकण लगेच घट्ट लावा.

झाकणाबाबत दोन मतं ऐकू येतात. आमच्या आत्या गार झाल्याशिवाय झाकण लावू देत नसत. त्यांच्याकडे चिनी मातीची बरणी आणि वर दादरा (तोंडाला बांधायचं कापड) असायचा, त्या पद्धतीला तेच बरोबर होतं. फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत मात्र कढत भरून लगेच बंद केलं की गार होताना झाकण आत ओढलं जातं आणि हवा आत येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मधलं: कोमट चटणी भरून झाकण लावणं. वाफेचं पाणी झाकणावरून खाली पडतं आणि आठ दिवसांत वर पांढरा ठिपका.

तपासा: दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्य बोटाने दाबा. टकटक वर-खाली होत असेल तर हवा आत आहे. ती बाटली आधी वापरायला घ्या. बाटलीवर तारीख लिहा. आपल्याला लक्षात राहतं असं वाटतं, राहत नाही.

टप्पा ९: ठेवणं

फेब्रुवारीत केलेली चटणी एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यातून जाणार असते. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा खिडकीच्या फळीवर ती टिकणार नाही. फ्रिजमध्ये जागा करा: न उघडलेली तीन महिने, उघडल्यावर महिनाभर. म्हणूनच एक मोठी बरणी न भरता चार छोट्या.

बाहेर काढताना कोरडा चमचा. कडक भाकरीचा तुकडा थेट बाटलीत बुडवायचा नाही, घरच्यांनाही हे एकदा नीट सांगून ठेवा.

बिघडली तर

फार घट्ट झाली: बाटली कोमट पाण्यात ठेवून चटणी सैल करा, पातेल्यात काढा, प्रत्येक बाटलीमागे दोन-तीन चमचे उकळतं पाणी घालून पुन्हा उकळी आणा आणि नव्याने उकळलेल्या बाटलीत भरा.

पातळ राहिली, पाणी सुटलं: दोन-तीन दिवसांत लक्षात आलं असेल आणि वास ठीक असेल तर पुन्हा आटवा, वजनाची चाचणी करा.

तळाशी किंचित लागली: ढवळू नका. वरची चटणी दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या, तळ तसाच सोडा.

झाकण फुगलं, बुडबुडे दिसले, दारूचा वास आला किंवा कुठेही बुरशी दिसली: पूर्ण बाटली टाका. वरचा थर काढून खालची खाऊ नका, बुरशीचे धागे खाली गेलेले असतात ते दिसत नाहीत. उकळूनही वाचवू नका.

कच्ची चटणी

वाटीभर गर, पाऊण वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तिखट, अर्धा चमचा जिरेपूड, चवीला मीठ. बिया काढायचा कंटाळा असेल तर हरकत नाही, पण मग मिक्सर नको. हाताने कुस्करा, बिया अख्ख्याच राहू द्या, त्या गिळल्या जातात. गूळ विरघळायला अर्धा तास ठेवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. पाण्याचा थेंबही घालू नका, गुळाला पाणी सुटतं तेवढं पुरतं.